परसातल्या लिंबोणीचा बहार

मंडळी, परसातल्या लिंबोणीबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: झाड हिरवंगार, पण फूल नाही. मग आपण आणखी खत घालतो, आणखी पाणी घालतो, आणि तिथेच चुकतं. मोरीचं पाणी बारा महिने मुळाशी मुरत असेल तर झाड नुसती पालवी फोडत राहतं. वाढ थांबली, की पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि पुढे पाणी मिळताच नव्या फुटीबरोबर कळी येते. म्हणून आधी ताण द्यायचा, म्हणजे काही काळ पाणी बंद ठेवायचं.

कागदी लिंबाचे बहार, म्हणजे फुलं येण्याचे हंगाम, तीन: आंबिया (थंडीच्या अखेरीस), मृग (पावसाच्या सुरुवातीला) आणि हस्त (पावसाळ्याच्या शेवटी). घरच्या झाडासाठी आंबिया धरावा. हस्ताची फळं उन्हाळ्यात मिळतात खरी, पण त्यासाठी ताण पावसाळ्यात द्यावा लागतो. परसात ते अवघडच. आंबियाला डिसेंबरची कोरडी हवा आणि थंडी दोन्ही साथ देतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी तोडा. मोरीचं पाणी पाइपाने दुसरीकडे वळवा आणि शेजारच्या वाफ्यालाही बेतानेच पाणी द्या, कारण मुळं झाडाच्या घेराबाहेर गेलेली असतात. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत दीड ते दोन महिने लागतात. पण दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. दुपारी पानं मलूल दिसतात, ते पुरेसं नाही. सकाळीही ती मिटलेली, फिकट दिसली आणि सुमारे चौथा हिस्सा पानं गळली, की ताण बसला. शेंडे वाळू लागले तर ताण जास्त झाला. लगेच पाणी द्या. चार वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देऊच नये. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर आधी सावली करणाऱ्या फांद्या काढा.

ताण तोडण्यापूर्वी, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करण्यापूर्वी, वाळलेल्या काड्या आणि पाणसोट (सरळ वर जोमाने वाढणाऱ्या, फळ न देणाऱ्या फांद्या) काढा. कलम असेल तर जोडाखालची फूट मुळापासून काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याची असते. पूर्ण वाढलेल्या झाडाला दोन पाट्या शेणखत, 2 किलो निंबोळी पेंड, 650 ग्रॅम युरिया, 1.9 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो म्युरेट ऑफ पोटॅश बुंध्यापासून दूर, घेराच्या कडेला मातीत मिसळा. उरलेला 650 ग्रॅम युरिया फळं वाटाण्याएवढी झाल्यावर.

आता पाणी, आणि घाई नडते ती इथेच. पहिलं आंबवणीचं पाणी हलकं, माती ओली होण्यापुरतं. चार-पाच दिवसांनी चिंबवणी, थोडं जास्त. मग नेहमीचं. एकदम आळं तुडुंब भरलं तर कळीऐवजी पालवी जोर धरते. साधारण तीन आठवड्यांत फुलं दिसतात. नंतर मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचा खंड पडला तर बारीक फळं गळतात.

आळं दुहेरी करा, म्हणजे खोडाभोवती मातीचं एक आतलं कडं आणि बाहेर दुसरं, आणि पाणी या दोहोंच्या मध्ये द्या; मग ते खोडाला लागत नाही. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या होतो, म्हणजे साल कुजून डिंक गळू लागतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करा, आणि त्याच दिवशी वापरा.