मेख मारली आणि दार उघडलं

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्यापैकी अनेकांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो, नाहीतर मावसबहीण ह्यूस्टनला. ही माणसं हुशारीवर तिकडे गेली, असं आपण कौतुकाने सांगतो. ते खरंच आहे. पण हुशारी 1950 सालीही होतीच की! तेव्हा अमेरिकेने उभ्या भारतासाठी वर्षाला जागा ठेवल्या होत्या शंभर. आणि त्यासुद्धा 1946 च्या कायद्याने मिळालेल्या.

त्याआधी तर दारच बंद होतं. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ (आपले हुतात्मा भगतसिंग ते वेगळे) पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. नागरिकत्वाच्या कायद्यात 'गोरा' असण्याची अट होती. वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन ठरतो, असं त्यांचं म्हणणं. 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा मानणार नाही. खटला थिंड यांचा, पण आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही त्यापायी गेलं.

पुढच्याच वर्षी कोटा पद्धत पक्की झाली. प्रत्येक देशाला किती जागा, हे ठरवायला आधार घेतला 1890 च्या जनगणनेचा. चौतीस वर्षं जुनी जनगणना कशाला? तर इटालियन, पोलिश, ज्यू लोकांचे मोठे लोंढे आले ते मुख्यतः त्यानंतर. जुने आकडे धरले की त्यांच्या वाट्याला जागा कमी. ब्रुकलिनचे नवखे खासदार इमॅन्युएल सेलर तेव्हा याविरुद्ध बोलले आणि हरले. एक्केचाळीस वर्षं त्यांनी हा विषय सोडला नाही. 1965 मध्ये ही कोटा पद्धत मोडणाऱ्या कायद्याला त्यांचं नाव लागलं.

आता यातली गंमत ऐका. सरकारला कौशल्याला पहिलं प्राधान्य द्यायचं होतं. ओहायोचे खासदार मायकेल फायगन यांनी मेख मारली: आधी नातेवाईक, मग कौशल्य. हिशोब सरळ होता. अमेरिकेतले बहुतेक लोक युरोपी वंशाचे, तेव्हा येणारे नातलगही युरोपातलेच असणार. देशाचा रंग बदलायला नको! पण युरोपात तोवर बरे दिवस आले होते, तिकडून फारसं कुणी हललं नाही. आले ते आपले डॉक्टर, इंजिनियर. मग त्यांच्या बायका, भाऊ, मेहुणे, आईवडील. 1981 पर्यंत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहण्याइतका मराठी गोतावळा तिथे जमला होता. आणि ज्या सभागृहाने 1924 चा कायदा केला, तिथेच 2023 पासून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनचे खासदार म्हणून बसतात. फायगनसाहेबांनी करायला घेतला गणपती आणि झाला मारुती! त्यांच्या दृष्टीने म्हणतोय मी. आपल्याला दोन्ही पूज्यच.

'आम्ही स्थलांतरितांचा देश' ही भाषणं तिथे नेहमीच होतात. पण देशाचा चेहरा घडतो तो अशा पोटकलमांत, असं मला वाटतं. विधेयकावर सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तर स्वच्छ सांगितलं होतं, की हे काही क्रांतिकारक विधेयक नव्हे!

त्याच कायद्यातली समानतेची कल्पना आज आपल्या माणसांना नडते आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. त्यामुळे आपली रांग दशकानुदशकं लांबते. तान्हेपणी आईबापांबरोबर तिकडे गेलेलं मूल तिथल्याच शाळेत शिकतं, रोज सकाळी तिथल्या झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणतं. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा मागायचा, नाहीतर बॅग भरायची. सुधारणेची विधेयकं मांडली जातात आणि अडकतात. सीमेवरच्या भिंतीवर मतं मिळतात. या मुलांसाठी अजून कुणी निवडणूक लढवलेली नाही.