टायमिंग गियर बसवताना: दिशा, चाल आणि खुणा

मे उजाडला की यावल-चोपड्याकडं बागायती कापूस लावायची घाई सुटते, केळीची ट्रॉली तर रोजचीच, आणि नेमका याच टायमाला ट्रॅक्टर पुढून खडखड करायला लागतो. टायमिंग कव्हर काढलं की आत हे दिसतं बघा, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) लहान गियर, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) बरोब्बर दुप्पट दातांचं आणि मधे आयडलर, म्हणजे दोघांना जोडणारं मधलं गियर. व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून हे टायमिंग गियर. दुप्पट का, तर क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदाच, चार स्ट्रोकचा हिशोबच तसा आहे.

काही इंजिनात कॅम फिरवायला गियरच्या जागी चेन किंवा बेल्ट असतो. चेन ताणते, बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, गियरला मात्र तेल मिळत राहिलं की वर्षानुवर्षं टायमिंग हलत नाही. आवाज करतं हे खरंय. सरळ दातांचं गियर कुईऽऽ करतं, तिरप्या दातांचं गपचूप चालतं पण कॅमला पुढंमागं ढकलतं, म्हणून ती ढकल अडवणारी थ्रस्ट प्लेट झिजलेली असेल तर नुसतं नवीन गियर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. जुन्या विलीज जीपला आधी चेन होती, नंतर गियर आले, त्यातलं कॅमचं गियर फायबरचं, आवाज कमी व्हावा म्हणून.

हौशी पोरांचं वेगळंच, चेनचं इंजिन घेतात आणि म्हणतात मिस्तरी, गियर टाकून द्या. अरे भो, चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो, दोन गियर थेट भिडवले की उलटा फिरणार, मग तो कॅमच चालत नाही. म्हणून अशा किटमधे आयडलर येतं, घेताना आधी तेवढं बघायचं, किंमत नंतर.

आणि एकटं गियर कधीच घेऊ नका, जोडी घ्या. जुन्या झिजलेल्या दातांवर नवीन दात नीट बसत नाहीत.

बसवताना पहिला पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, चावी घाटात (दांड्याच्या खाचेत), गियरवरच्या पंचच्या खुणा समोरासमोर. खुणेत एक दात चुकला तर काय होतं? समजा कॅमला 48 दात आहेत, तर कॅम साडेसात अंश सरकतो, क्रँकच्या भाषेत 15 अंश, म्हणजे इंजिन दम धरत नाही, काही इंजिनात तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.

मग दातांमधली चाल, म्हणजे भिडलेल्या दातांतली मोकळी जागा. डायल गेज लावून मोजायची, किती ठेवायची ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमधे असतं, आणि एकाच जागी मोजून मोकळं व्हायचं नाही, गियर फिरवत तीन-चार ठिकाणी बघायचं. चाल कमी पडली की गियर रडतं, जास्त झाली की ठोकतं.

इथं एक गंमत होते, त्यापायी बरेचजण बांधलेलं टायमिंग परत खोलतात. हातानं क्रँक दोन फेरे फिरवला आणि आयडलरची खूण जुळेचना! घाबरायचं काम नाही. क्रँकला 24, आयडलरला 35, कॅमला 48 दात धरले तर सगळ्या खुणा परत एकत्र यायला क्रँकचे 70 फेरे लागतात. खुणा सोडा, टीडीसी आणि व्हॉल्व्ह कधी उघडतात ते बघा.

डिझेलच्या पंपाचं गियर याच गियरच्या रांगेत असतं, त्याची खूणही आत्ताच मिळवून घ्यायची. कव्हर लावताना आधी पुली सीलमधे घालायची, कव्हर मधोमध बसू द्यायचं आणि मगच बोल्ट आवळायचे, नाहीतर सीलमधनं तेल गळतं आणि गिऱ्हाईक परत दारात.