कामगार किती?

(पडद्यावर : कोल्हापुरातलं जवाहरनगर, सकाळची वेळ. दगडावर पडणारे हातोडीचे ठोके.)

ठोका ऐकलात? कातडं ओलं असलं की आवाज बसका येतो, वाळत आलं की टणक. कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या या काकांची नजर रस्त्यावर आहे, हात आपलं काम करतोय.

दारात उभी आहेत ती दोन विद्यापीठांतली सहा मुलं. तीन कोल्हापूरची, तीन इटलीहून आलेली. संशोधनाचा विषय भारदस्त, सामाजिक उद्योजकता. म्हणजे धंदा करायचा, नफाही मिळवायचा, पण तो कुणाच्या पदरात पडतो हे आधी विचारायचं. इटलीत सामाजिक सहकारी संस्थांसाठी १९९१ पासून वेगळा कायदा आहे. आमच्या गटातल्या मुलीला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या घरचं दूध गोकुळला जातं, आणि तो संघ १९६३ चा. तिचा प्रश्न दुसराच होता : उसाला जमलं, दुधाला जमलं, मग पायताणाला तेवढी ताकद का आली नाही?

इटलीच का, ते सांगायला नको. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीची सँडल दिसली आणि कोल्हापूरकरांनी आपलं पायताण लांबूनच ओळखलं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. रॅम्पवर मात्र नावाचा पत्ता नव्हता. ओरड झाली, कंपनीनं मूळ कुठलं ते मान्य केलं, डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. बातम्यांत ते सगळं येऊन गेलंय. आपण परत काकांच्या हाताकडे येऊ.

(जवळून : रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार, फर्मा म्हणजे मापाचा साचा, तळाचं कातडं.)

फर्मा ठेवला, रेघ ओढली, रापी फिरली. एका ओढीत तळ सुटा. टाचेला थरावर थर. मग दोन्ही बाजूंना कान, म्हणजे कातड्याच्या पाकळ्या. शिलाईला कातड्याचीच वादी, आरीनं भोक पाडायचं आणि वादी ओढून घ्यायची. खिळा कुठं दिसतोय का बघा. नाही दिसणार. पट्टा, अंगठा, सगळ्यात शेवटी वेणी आणि गोंडा.

टस्कनीतला मुलगा कातड्याला नाक लावतोय. त्याच्याकडेही झाडाच्या अर्कात कातडं कमावतात, चेस्टनटच्या. इथं बाभळीची साल आणि हिरडा. काकांनी हिरडा त्याच्या तळहातावर ठेवला, त्यानं तो चाखला. पुढचं त्याच्या तोंडावरच बघा.

(निवेदन थांबेल. हशा.)

आता प्रश्नावली. चौथा प्रश्न : कामगार किती?

'एकटाच की. कामगार ठेवायला परवडतंय कुठं?'

मुलीनं चौकटीत १ लिहिला.

हेच दृश्य जरा मागं घेऊन बघू. काकांच्या पाठीमागे भिंतीला टेकून काकू बसल्यात. गुडघ्याखाली कातड्याच्या बारीक पट्ट्यांचं टोक दाबलंय आणि बोटांतून वेणी उतरतेय. पलीकडे सून गोंडे बांधतेय, मधूनच गॅसवरच्या दुधाकडे बघतेय. चौकटीत अजून १ च आहे.

'काकू, हे तुमचं काम नव्हे?'

'हे काय काम व्हय? बसल्या बसल्या करतोय.'

चित्रीकरण करताना हे वाक्य आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी सगळे मिळून फुटेज बघत होतो, तेव्हा त्या मुलीनं ते दोनदा मागं घेऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी छापील फॉर्म पिशवीतच राहिले. मुलांनी एकच जोडी धरली, कापण्यापासून तेल लावण्यापर्यंत. वहीत दोनच रकाने आखले : हात कुणाचा, वेळ किती. इटलीची मुलगी घड्याळ बघायची, आमची लिहायची. भाषेची अडचण फारशी आली नाही, बोटं दिसत होतीच. त्या दिवसाअखेर काकांच्या नावापुढे जेवढ्या ओळी भरल्या, जवळपास तेवढ्याच काकूंच्या आणि सुनेच्या नावापुढे. काकांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला. काही बोलले नाहीत.

अहवाल दोन्ही विद्यापीठांत सादर झाला. किमतीच्या हिशेबात वेणीची मजुरी वेगळी धरावी, असं त्यात म्हटलंय.

(शेवटचं दृश्य : काकू आणि इटलीची मुलगी, दोघींच्या गुडघ्याखाली पट्ट्या.)

तिची वेणी मधेच सैल पडलीय. काकू बघतात, दोन बोटांनी ती उसवतात, तिच्या हातात परत देतात.

'हं. घाल पुन्हा.'