सोय कोणाच्या हातात आहे?

मित्रहो, एकाच कंपनीत आठ-दहा वर्षे काढलेला माणूस नव्या नोकरीचे पत्र हाती आल्यावरही राजीनामा द्यायला कचरतो, तेव्हा त्याच्यात धाडस नाही असा शेरा चटकन मारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. घराजवळची कचेरी, मुलाला ताप आला तर दुपारीच निघू देणारा वरिष्ठ, अंगवळणी पडलेले काम, हा सगळा पगाराचाच भाग आहे, जरी पगारपत्रकावर त्याची नोंद नसली तरी. माझा आग्रह एवढाच की अशा प्रत्येक सोयीपुढे ती नियमाने मिळते की कोणाच्या मर्जीने, हे कागदावर लिहून काढावे.

नियमाने मिळणाऱ्या गोष्टींचा हिशेब मांडता येतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, सलग 5 वर्षांची सेवा लागते आणि दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, महिना 26 दिवसांचा धरून, मिळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 40,000 रुपये असलेला माणूस साडेचार वर्षांनी निघाला, तर आणखी सहा महिन्यांनी हाती आले असते असे सुमारे 1,15,000 रुपये तो सोडतो. नव्या ठिकाणी दरमहा 10,000 रुपये वाढ असेल तर ती भरपाई व्हायलाच जवळजवळ वर्ष जाते. भविष्य निर्वाह निधी मात्र नव्या खात्यात वर्ग करता येतो. तो निवृत्तिवेतनाच्या रकमेसह काढून घेणाऱ्या तरुणांची मला खरोखर काळजी वाटते, कारण मासिक निवृत्तिवेतनासाठी लागणारी 10 वर्षांची सेवा त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. आई-वडिलांना मधुमेह असेल आणि नव्या कंपनीच्या गटविम्यात त्यांना जागा नसेल, तर वैयक्तिक विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या भगिनींनी हेही पाहावे की मातृत्व रजेच्या वेतनासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते.

मर्जीच्या सोयींना असा आधार नसतो. समजूतदार वरिष्ठाची बदली झाली किंवा कंपनीने कोथरूडची कचेरी हिंजवडीला हलवली, की ज्यासाठी आपण वाढीव पगार नाकारला तेच उरत नाही, आणि तक्रार करायलाही जागा नसते. त्यांना मोल द्यावे, पण त्या वर्षभर टिकतील एवढेच धरून द्यावे.

अंगवळणी पडलेल्या कामाबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण माणसे सर्वांत जास्त तिथेच अडकतात. एखाद्या कंपनीची जुनी संगणकप्रणाली, तिथल्या फायली, कोणती मंजुरी कोणाकडून मिळते याचे ज्ञान, यांमुळे माणूस तिथे अत्यंत मोलाचा ठरतो. त्या कुंपणाबाहेर मात्र त्या ज्ञानाला गिऱ्हाईक असेलच असे नाही. म्हणून नोकरी बदलायची नसली तरी अधूनमधून बाहेर मुलाखत द्यावी, असे मी सुचवीन. आपल्याला काय येत नाही हे तिथे कळते, आणि ते चाळिशीत कळणे पन्नाशीत कळण्यापेक्षा पुष्कळ बरे.

बदलायचे ठरलेच, तर नव्या पत्रातील वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर विसंबू नये. त्यात बहुधा मालकाचा निधीतील वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. दरमहा हातात किती येईल हे लेखी विचारावे, नोटीस पीरियड किती ते दोन्हीकडे तपासावे, आणि सहीचे नियुक्तीपत्र हाती आल्यावरच राजीनामा द्यावा.