तट्टू हवं होतं, आले डार्विन

१८४२ साल. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या एका श्रीमंत घरात आठ वर्षांचा जॉन लबक कान टवकारून बसलाय. वडील म्हणालेत, मोठी आनंदाची बातमी आहे. जॉनला वाटतंय, तट्टू आणलं! बातमी निघाली भलतीच. शेजारच्या गावात चार्ल्स डार्विन राहायला येतायत. पोराचं तोंड एवढंसं झालं.

त्याच शेजाऱ्यानं मग जॉनला सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती वडिलांच्या पेढीवर बसण्यासाठी. कॉलेजची पायरी कधी चढलेच नाहीत. तरी चोविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो करून घेतलं. आणि शाळेत आपण पाठ केलेली पुराश्मयुग-नवाश्मयुग ही विभागणी? तीही १८६५ साली या पेढीवाल्यानंच मांडली.

पण त्यांचा खरा जीव होता मुंग्यांवर. दोन काचांमध्ये माती भरून लबकनी घरातच वारुळं वसवली. मुंग्यांना ऐकू येतं का हे पाहायला शिट्ट्या फुंकल्या, व्हायोलिन वाजवलं, स्वतः बोंबलून पाहिलं. मुंग्या ढिम्म. मग प्रश्न पडला, शुद्ध हरपलेल्या सोबतिणीला मुंग्या ओळखतात का? त्यासाठी मुंग्यांना दारू पाजायची ठरली. त्या पिईनात, म्हणून व्हिस्कीत बुचकळून काढल्या. वारुळातल्या मुंग्यांनी आपल्यातल्या बहुतेक झिंगलेल्यांना उचलून घरी नेलं, परक्यांना मात्र बाजूच्या पाण्यात ढकललं. घरात नोकरचाकर असतीलच. हे सगळं पाहून ते आपसांत काय बोलत असतील?

१८७० मध्ये लबक खासदार झाले. पुढच्याच वर्षी बँकांना हक्काच्या सुट्ट्या देणारा कायदा त्यांनी पार्लमेंटात मंजूर करून घेतला. लोक इतके खूश झाले की सुट्टीला ‘सेंट लबकचा दिवस’ म्हणू लागले.

दुसरा कायदा मात्र घाम काढणारा होता. एव्हबरी गावात हजारो वर्षांपूर्वीचं प्रचंड दगडांचं वर्तुळ आहे. तिथं घरांसाठी प्लॉट पडू लागल्याचं कळताच लबकनी ती जमीन स्वतःच विकत घेतली. पण असे दगड देशभर होते, सगळे कोण विकत घेणार? १८७३ मध्ये त्यांनी अशा प्राचीन स्मारकांना संरक्षण देणारं विधेयक आणलं. जमीनदार खवळले: जमीन आमची, दगड आमचे, सरकारचा संबंध काय? नऊ वर्षं रेटारेटी चालली. १८८२ मध्ये कायदा झाला, तोही पुष्कळ बोथट होऊन. या स्मारकांचे पहिले निरीक्षक नेमले गेले जनरल पिट-रिव्हर्स. विधुर झालेले लबक १८८४ मध्ये त्यांचेच जावई झाले. सासरे जावयापेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठे!

त्याच १८८२ च्या एप्रिलमध्ये डार्विन गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये लबक होते.

१९०० मध्ये सरदारकी मिळाली आणि नवं नाव निवडायची वेळ आली. लबकनी त्या दगडांच्या गावाचं नाव घेतलं, लॉर्ड एव्हबरी. मुंग्यांवरून घेतलं असतं, तरी शोभलं असतं.