घसरणं वेगळं, तरंगणं वेगळं

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे रोज कानावर येतं, "अरे, गाडी स्लिप झाली." कार असो नाहीतर बाईक, एवढं म्हटलं की विषय संपला. पण यात दोन वेगळे प्रकार असतात, आणि एकात जे केल्याने वाचाल तेच दुसऱ्यात अंगाशी येईल, म्हणून आज हा विषय घेतलाय.

पहिला प्रकार स्किड, म्हणजे घसरणं. यात टायर रस्त्याला टेकलेला असतो, फक्त पकड अपुरी पडते. पहिल्या सरीला रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ भिजून राड होते, कुठे ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो, कुठे झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत पट्टा, आणि तिथेच वळताना कचकन ब्रेक मारला की चाक लॉक होऊन गाडी गेलीच. बाईकवाले बहुतेक असेच पडतात. कारला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक घट्ट दाबूनच ठेवा, पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढू नका. एबीएस नसेल तर ब्रेक थोडा सोडा, चाक फिरायला लागलं की पकड येते.

दुसरा प्रकार हायड्रोप्लेनिंग, मी त्याला सरळ तरंगणंच म्हणते. आपण तळ्यात चपट्या दगडाने भाकऱ्या मारतो ना, तसा टायर पाण्यावरून जातो, रस्त्याला टेकतच नाही. एक्सप्रेसवेवर धो धो पाऊस, गाडी नव्वदला, आणि अचानक स्टिअरिंग हाताला एकदम हलकं लागतं, तेच हे. इथे ब्रेक दाबून काय होणार, खाली रस्ताच नाही! ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा, कारण ते वळवून ठेवलं आणि टायर परत टेकला की गाडी त्या बाजूला झेप घेते.

१९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला, त्यातून एक हिशोब निघाला. पाणी भरपूर साचलंय, टायर झिजलाय आणि हवा ३० पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) आहे, तर ताशी साधारण ९० किलोमीटरला गाडी तरंगते. हवा २५ केली तर ८३ च्या आसपासच! आणि आपल्याकडे लोक सांगत फिरतात, पावसाळ्यात हवा कमी ठेवा, ग्रिप मिळते. कृपा करून हे ऐकू नका. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये शंभरच्या पुढे हवा असते, त्यामुळे तो त्या वेगालाही रस्ता धरून जातो, तो गेला म्हणून त्याच्या मागे आपली छोटी गाडी दामटू नका.

टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर जातं, म्हणून खाचा बघा. कारच्या टायरला खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदलायचाच. आणि हवा टायर गार असताना चेक करा, लांबून गाडी चालवत पंपावर गेलात तर आकडा जास्त दिसतो.