आवाज चालू असताना होणारे बिघाड

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि रेडिओप्रेमी श्रोते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, रेडिओ केंद्रातला बिघाड म्हणजे आवाज बंद पडणे, अशी श्रोत्याची समजूत असते आणि त्याच्या जागेवरून ती बरोबरच आहे. प्रक्षेपण केंद्रावर ड्यूटी करणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने मात्र आवाज बंद पडणे हा बिघाडाचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी तोच बिघाड कित्येक आठवडे, कधी एखादा अख्खा ऋतू, कार्यक्रम सुरळीत चालू असतानाच वाढत आलेला असतो. आज मी बोलणार आहे ते या मधल्या काळाविषयी, कारण देखभालीचे जवळजवळ सगळे काम याच काळात करायचे असते.

आजचे एफएम ट्रान्समीटर बहुतांशी सॉलिड स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे, असतात. १० किलोवॅटची शक्ती एकाच मोठ्या व्हॉल्व्हमधून न काढता अनेक लहान मॉड्यूलमधून (सुट्या शक्तिवर्धक घटकांतून) काढून कंबायनर नावाच्या जोडयंत्रात एकत्र केली जाते, त्यामुळे एखादे मॉड्यूल गेले तरी प्रक्षेपण थांबत नाही. ही फार मोठी सोय आहे, पण तिचा हिशोब समजून घेतला पाहिजे. सारख्याच १० मॉड्यूलपैकी एक बंद पडले तर शक्ती १० टक्क्यांनी कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे १९ टक्क्यांनी उतरते, कारण चालू असलेल्या नऊ मॉड्यूलच्या शक्तीतलाही काही भाग कंबायनरला जोडलेल्या रिजेक्ट लोड नावाच्या रोधकात उष्णता होऊन जातो. निम्मी मॉड्यूल गेली तर अँटेनाकडे फक्त पाव शक्ती पोचते. एवढे असूनही १९ टक्क्यांची घट एक डेसिबलपेक्षा कमीच भरते आणि शहरात ती कुणाच्याही कानाला जाणवत नाही. पेठ-सुरगाण्याकडे डोंगराआड, जिथे सिग्नल मुळातच काठावर असतो, तिथल्या श्रोत्याला मात्र खरखर वाढल्यासारखी वाटते आणि तो आपला रेडिओ संच हलवून पाहतो. तो काही केंद्राला फोन करत नाही. म्हणून बिघाडाची बातमी श्रोत्याकडून येईल, या भरवशावर केंद्र चालवता येत नाही. ती लॉगबुकातून, म्हणजे मीटरचे आकडे पाळीपाळीने टिपून ठेवलेल्या नोंदवहीतूनच, मिळवावी लागते.

लॉगबुक भरणे आणि लॉगबुक वाचणे यांत फरक आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या कमरेला आहे की छातीला, एवढ्यावर त्यांचे भागत नाही, सकाळपासून ते चढते आहे की उतरते आहे, हे ते विचारतात. मीटरवरचा आकडा तसाच वाचायचा असतो. तो मर्यादेच्या आत असेल, पण मागच्या महिन्यात कुठे होता?

याचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो. ट्रान्समीटरमधून निघालेली शक्ती फीडर केबलमधून टॉवरवरच्या अँटेनापर्यंत जाते आणि तिचा थोडासा भाग परत येतो. या रिफ्लेक्टेड पॉवरचा आकडा १० किलोवॅटला २० वॅट असेल तर काळजीचे कारण नसते. १०० वॅट म्हणजे १ टक्का झाला तरी ट्रान्समीटर तक्रार करत नाही. ४०० वॅटच्या आसपास, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या शक्तीवरून काढलेले गुणोत्तर, जे आदर्श स्थितीत १ असते) १.५ झाल्यावर, अनेक ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करू लागतात. आमच्या एका केंद्रावर पावसाळा सरता सरता हा आकडा पहाटेच्या नोंदीत चढलेला दिसे आणि दुपारी ऊन तापले की पुन्हा जागेवर येई. दुपारच्या ड्यूटीवाल्याला सगळे ठीक वाटत असे आणि त्याच्या पाळीपुरते ते खरेही होते. दोन्ही पाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र कारणाचा अंदाज आला: कुठल्यातरी जोडात ओल शिरते आहे आणि उन्हाने ती तात्पुरती सुकते आहे. रात्री केबल गार झाली की आतली हवा आकसते आणि फटीतून बाहेरची दमट हवा ओढून घेते. यासाठीच केबलमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन किंचित जास्त दाबाने भरून ठेवतात, आणि त्या दाबाचा काटा उतरू लागला तर साबणाचे पाणी लावून गळती शोधतात. प्रक्षेपण बंद ठेवून टॉवरवरचा जोड उघडला तेव्हा बाहेरच्या जलरोधक टेपला नखाएवढी चीर होती, आत तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि मधल्या कंडक्टरजवळच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर काळी रेघ उमटायला लागली होती. ती रेघ पूर्ण झाली असती तर त्या ठिकाणी ठिणगी पडून जोडासकट केबलचा तुकडा जळाला असता, आणि तोही बहुधा ऐन पावसात, जेव्हा टॉवरवर माणूस चढवता येत नाही.

नाशिकच्या जमिनीविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. इथे मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आहे, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. असा खडक अर्थिंगला, म्हणजे वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीला, अनुकूल नसतो, आणि उन्हाळ्यात वरची माती वाळली की अर्थिंगचा रोध आणखी वाढतो. नेमके तेव्हाच, मे महिन्यात, वळवाचे ढग गडगडत येतात. त्यामुळे अर्थिंगचा रोध ऑगस्टमध्ये मोजून समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. तो मे महिन्याच्या कोरड्या जमिनीत मोजावा, अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा-मीठ शाबूत आहे का पाहावे आणि पाणी घालण्याचा क्रम चुकवू नये. आकाशातली वीज टॉवरवर पडलीच पाहिजे असेही नाही. दूरवर वीजपुरवठ्याच्या तारेवर पडूनही ती आपल्या ट्रान्समीटरला डीसी वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरपर्यंत पोचते. टॉवर, फीडरचे बाहेरचे आवरण, इमारत आणि वीजपुरवठा यांची अर्थिंगे जमिनीत एकमेकांना जोडलेली नसतील, तर त्या क्षणी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक यंत्रातून वाट काढतो. अर्थिंगची तांब्याची पट्टी रुंद, सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवायची, काटकोनात वाकवायची नाही, हा नियमही त्याचसाठी आहे.

बाकीचे शत्रू साधे आहेत. धुळीने भरलेला एअर फिल्टर आतले तापमान वाढवतो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. केबल आत येण्याची भोके बुजवलेली नसतील तर पाल शिरते आणि बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर, शॉर्ट होतो. निफाडच्या बाजूला थंडीत पारा ५ अंशांखाली उतरतो आणि दुपारी चांगले ऊन पडते. या रोजच्या आकुंचन-प्रसरणाने नट-बोल्ट सैल होतात. डिझेल जनरेटर ऐन वेळी सुरू होत नाही, तेव्हा इंजिनापेक्षा त्याची बॅटरी दगा देण्याचा संभव अधिक असतो. जनरेटर दर आठवड्याला पाच मिनिटे रिकामा फिरवून नोंद करण्याची पद्धत मला मान्य नाही. केंद्राचा खरा भार त्यावर टाकून तो चालवला पाहिजे, नाहीतर चेंजओव्हरचा, म्हणजे भार वीजपुरवठ्यावरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचचा, दोष मुळीच कळत नाही.

आता अनेक केंद्रांवर रात्री माणूस नसतो आणि दूरनियंत्रणाने लक्ष ठेवले जाते. त्याला माझा विरोध नाही. परंतु ही व्यवस्था बहुधा मर्यादा ओलांडल्यावरच इशारा देण्यासाठी लावलेली असते. मघाच्या उदाहरणात आकडा मर्यादेच्या आतच होता. तेव्हा व्यवस्था बसवताना दर तासाचे आकडे साठवले जावेत आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी जबाबदार अभियंत्याने ते आलेखावर पाहावेत, असा आग्रह धरा.

२०२७ मध्ये आपल्याकडे सिंहस्थ आहे आणि त्याची मुख्य पर्वस्नाने पावसाळ्यात येतात. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखोंची गर्दी, मोबाइलच्या जाळ्यावर ताण आणि नदीला पाणी, हे सारे एकाच वेळी असू शकते, आणि अशा वेळी खिशातल्या साध्या रेडिओवर पोचणारी सूचना मोलाची ठरेल. त्या पावसाळ्यात टॉवरवर चढून काम करायला सवड मिळणार नाही. म्हणून फीडरचे सगळे जोड, अर्थिंग, जनरेटर आणि स्टँडबाय ट्रान्समीटर यांची तपासणी त्याआधीच्या उन्हाळ्यात, वळीव येण्यापूर्वी, पूर्ण झालेली असली पाहिजे.